एकाच कोष्टकातील दोन रकाने : सैनिकांची घरे, सैन्यभरती आणि संसदेची तपासणी

शासनाचे कोणतेही मोठे खाते दोन गोष्टींवर उभे असते : त्यात काम करणारी माणसे आणि त्या माणसांच्या डोक्यावरचे छप्पर. पहिल्या बाबीच्या अधिकृत आराखड्याला प्रशासनाच्या भाषेत आकृतिबंध म्हणतात, म्हणजे कोणत्या हुद्द्याची किती पदे मंजूर आहेत, त्यांपैकी किती भरलेली व किती रिक्त आहेत, याचा तपशील. दुसऱ्या बाबीला सेवानिवासस्थान म्हणतात आणि कर्मचाऱ्यांच्या तोंडी त्याचे नाव क्वार्टर असे असते. ज्या नोकरीत दर दोन-तीन वर्षांनी बदली ठरलेली, कामाची वेळ ठरलेली नाही आणि बायकामुलांना पाठीमागे ठेवून दीर्घकाळ बाहेर राहावे लागते, त्या नोकरीत घर हा वेतनाइतकाच सेवाशर्तींचा भाग असतो. असे असूनही अंदाजपत्रकात ही दोन खर्चशीर्षे वेगळी असतात, त्यांचे अधिकारी वेगळे असतात आणि त्यांचे लेखापरीक्षण निरनिराळ्या वर्षी होते. त्यामुळे घरांच्या बाबतीत केलेल्या काटकसरीची किंमत माणसे गमावून किती मोजावी लागली, हे कोणत्याही एका पानावर दिसत नाही. हे पान तयार करणे हे संसदेचे काम आहे, आणि ते एका अधिवेशनात होत नाही. एकच प्रश्न वर्षानुवर्षे, सभासद आणि सरकारे बदलली तरी, पुन्हा पुन्हा विचारत राहिल्यानेच होते. या म्हणण्याची पडताळणी करण्यासाठी ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाचे उदाहरण येथे घेतले आहे. ते दूरचे असले तरी परके नाही, कारण भारतातील लोकलेखा समितीची परंपरा ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समधूनच आलेली आहे.

माणसे आणि छप्पर यांचा हिशेब एकत्र मांडण्याचा पहिला मोठा प्रयत्न ब्रिटनमध्ये क्रिमियाच्या युद्धानंतर झाला. १८५७ मध्ये सिडनी हर्बर्ट यांच्या अध्यक्षतेखाली सैन्याच्या आरोग्याविषयी शाही आयोग नेमला गेला. शाही आयोग हा संसदेची समिती नसतो. तो राजसत्तेच्या नावाने नेमला जातो, पण त्याचा अहवाल संसदेपुढे ठेवला जातो आणि त्यावर सभागृहात प्रश्न विचारता येतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी या आयोगासाठी पडद्याआडून जे काम केले, त्याचे मर्म आकडेवारीच्या मांडणीत होते. शांततेच्या काळात, इंग्लंडमधील बराकींत राहणाऱ्या तरुण सैनिकांचा मृत्युदर त्याच वयाच्या नागरिकांच्या सुमारे दुप्पट असल्याचे या आयोगाने दाखवून दिले. भरती करताना निवडून घेतलेली धडधाकट माणसे कोंदट हवा, दाटीवाटीने लावलेल्या खाटा आणि तुंबलेल्या गटारांमुळे मरत होती, आणि त्यांच्या जागी पुन्हा नवी माणसे भरती करावी लागत होती. बराकीची खिडकी आणि भरतीचा खर्च यांचा संबंध येथे प्रथमच संख्येने सिद्ध झाला.

याच धर्तीवर हिंदुस्थानातील सैन्यासाठी १८५९ मध्ये दुसरा आयोग नेमला गेला आणि १८६३ मध्ये त्याचा अहवाल आला. हिंदुस्थानातील गोऱ्या सैनिकांचा मृत्युदर वर्षाला हजारी ६९ असल्याचे त्यात नोंदवले होते, आणि त्यातील बराच भाग लढाईचा नसून छावणीतील पाणी, सांडपाणी व राहण्याच्या व्यवस्थेचा होता. पुढच्या काळात छावण्यांमध्ये उंच छताच्या, चौफेर व्हरांड्याच्या बराकी बांधल्या गेल्या. पुण्याच्या लष्कर भागात आणि खडकीत त्या काळाच्या बांधकामाची ओळख आजही पटते. मात्र या सुधारणेचा खर्च हिंदुस्थानच्या महसुलातून झाला आणि ज्यांच्या करातून तो झाला त्यांना तो तपासण्याचा अधिकार नव्हता, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. तिचा विचार पुढे ओघाने येईल.

संसदेची हिशेब तपासण्याची यंत्रणाही याच दशकात घडली. १८६१ मध्ये ग्लॅडस्टन अर्थमंत्री असताना हाउस ऑफ कॉमन्सने लोकलेखा समिती स्थापन केली आणि १८६६ च्या कायद्याने नियंत्रक व महालेखापरीक्षक हे पद निर्माण झाले. सभागृहाने ज्या कामासाठी पैसा मंजूर केला त्याच कामासाठी तो खर्च झाला की नाही, हे महालेखापरीक्षकाने पाहावे, आपला अहवाल सभागृहाला द्यावा आणि त्या अहवालाच्या आधारे समितीने खात्याला जाब विचारावा, अशी ही साखळी आहे. १९८३ च्या कायद्याने महालेखापरीक्षक सभागृहाचा अधिकारी झाला, त्याच्या हाताखाली राष्ट्रीय लेखापरीक्षा कार्यालय आले आणि तपासणीचा आवाकाही वाढला : खर्च नियमाने झाला का, याबरोबरच तो काटकसरीने, कार्यक्षमतेने आणि परिणामकारकपणे झाला का, हेही पाहिले जाऊ लागले. समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे असते. समितीपुढे मंत्र्याऐवजी खात्याचा सर्वोच्च सनदी अधिकारी उभा राहतो, कारण खात्याच्या पैशाच्या योग्य विनियोगाची जबाबदारी त्याच्यावर व्यक्तिशः असते. धोरण योग्य की अयोग्य हा प्रश्न समिती विचारत नाही. ते धोरण राबवताना जनतेच्या पैशाचे काय झाले, एवढेच ती विचारते. या मर्यादेमुळे समितीचा प्रश्न कोरडा वाटतो, पण त्यामुळेच तो पक्षभेद ओलांडून टिकतो.

१९९६ मध्ये या यंत्रणेपुढे एक असा व्यवहार आला, की तो पुरता उलगडायला तिला दोन दशकांहून अधिक काळ लागला. जॉन मेजर यांच्या सरकारात मायकेल पोर्टिलो संरक्षणमंत्री असताना मंत्रालयाने इंग्लंड व वेल्समधील विवाहित सैनिकांची सुमारे ५७,४०० घरे ॲनिंग्टन या खासगी कंपनीला १६६ कोटी २० लाख पाउंडांना दिली. नोमुरा या जपानी वित्तसंस्थेच्या पुढाकाराने झालेला हा व्यवहार साध्या विक्रीचा नव्हता. कंपनीला ९९९ वर्षांचा भाडेपट्टा मिळाला, म्हणजे व्यवहारतः मालकीच मिळाली. आणि तीच घरे मंत्रालयाने लगोलग २०० वर्षांच्या पोटभाडेपट्ट्याने परत भाड्याने घेतली. सैनिकांची कुटुंबे होती तेथेच राहिली. बदलले ते एवढेच, की मालक असलेले खाते भाडेकरू झाले. भाडे बाजारभावापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी असेल आणि ही सवलत पहिली २५ वर्षे चालेल, असे ठरले. पण या सवलतीच्या बदल्यात डागडुजी, देखभाल आणि घर रिकामे राहण्याचा धोका हे सगळे मंत्रालयाच्या गळ्यात राहिले. जी घरे मंत्रालय परत करील ती कंपनीने खुल्या बाजारात विकावीत, आणि पहिली १५ वर्षे अशा विक्रीच्या नफ्यातला काही वाटा मंत्रालयाला मिळावा, अशीही तरतूद होती.

हा व्यवहार त्या वेळी शहाणपणाचा का वाटला, हे समजून घेतल्याशिवाय त्यावरची टीका न्याय्य होणार नाही. घरांची अवस्था वाईट होती, हजारो घरे रिकामी पडून होती आणि दुरुस्तीसाठी खात्याकडे पैसा नव्हता. विक्रीच्या रकमेतील १० कोटी पाउंड घरे सुधारण्यासाठी मिळणार होते. उरलेली रक्कम सरकारी तिजोरीत जमा होऊन त्या वर्षीची वित्तीय तूट कमी दिसणार होती. भविष्यातील भाड्याचे ओझे मात्र कागदावर हलके दिसत होते, आणि याचे कारण हिशेबाच्या पद्धतीत होते. पुढे द्यायच्या रकमेची आजची किंमत काढताना ती दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी घटवत मागे आणली जाते. ब्रिटिश अर्थखाते त्या काळात यासाठी ६ टक्के दर वापरत असे. या दराने ५० वर्षांनंतर द्यायचे १०० पाउंड आजच्या हिशेबात साडेपाच पाउंडांहूनही कमी भरतात. दोनशे वर्षांच्या करारातील शेवटची दीडशे वर्षे अशा कोष्टकात जवळजवळ अदृश्य होतात. त्यातच घरांच्या किमती किती वाढतील याचा अंदाज फार जपून, म्हणजे फार कमी, धरलेला होता. गणिताच्या पद्धतीत चूक नव्हती. पण ज्या गृहीतकांवर ते उभे होते ती सभागृहापुढे विक्रीआधी तपासायला आलीच नाहीत. सत्ताधारी पक्षाच्याच काही सभासदांनी सैनिकांच्या घरांच्या विक्रीबद्दल उघड अस्वस्थता दाखवली होती. चर्चा झाली, बहुमताने सरकारचे म्हणणे मान्य झाले आणि करारावर सह्या झाल्या.

महालेखापरीक्षकांनी या विक्रीवर १९९७ मध्येच पहिला अहवाल दिला. पण तो व्यवहाराचा हिशेब तपासणारा होता, व्यवहाराच्या फलिताचा नव्हे, कारण फलित अजून यायचे होते. ते जानेवारी २०१८ च्या अहवालात दिसले. घरे विकली नसती तर पहिल्या २१ वर्षांत सरकारची स्थिती २२० ते ४२० कोटी पाउंडांनी चांगली राहिली असती, असा अंदाज राष्ट्रीय लेखापरीक्षा कार्यालयाने त्यात मांडला. घरांच्या किमतींची वाढ सगळे अंदाज मागे टाकून गेली होती आणि तिचा लाभ कंपनीला मिळाला होता. पण या अहवालातील अधिक बोलकी गोष्ट रिकाम्या घरांची होती. मंत्रालय ज्या सुमारे ३९,००० घरांचे भाडे भरत होते, त्यांपैकी जवळजवळ एकपंचमांश घरांत कोणीच राहत नव्हते. घर परत करायचे तर आधी ते करारानुसार दुरुस्त करून द्यावे लागे किंवा दुरुस्तीची भरपाई द्यावी लागे, आणि तो खर्च त्याच वर्षीच्या तरतुदीतून करावा लागे. उलट भाडे वर्षावर्षाला वाटले जात असल्याने ते भरत राहणे सोपे होते. त्यातच जर्मनीतून परतणाऱ्या तुकड्यांसाठी घरे हाताशी ठेवण्याची गरजही सांगितली जात होती. अशा रीतीने एकीकडे कुलूपबंद घरांचे भाडे जात होते आणि दुसरीकडे वसलेल्या घरांच्या दुरुस्तीला पैसा अपुरा पडत होता.

वसलेल्या घरांची स्थिती लोकलेखा समितीने त्याआधी, २०१६ मध्ये, स्वतंत्रपणे पाहिली होती. देखभालीचे कंत्राट २०१४ पासून कॅरिलियन आणि ॲमी या कंपन्यांच्या संयुक्त संस्थेकडे होते. समितीच्या अहवालात जे नोंदले गेले ते वाचताना राष्ट्रीय सुरक्षा, मनोबल हे मोठे शब्द गळून पडतात आणि एक स्वयंपाकघर डोळ्यांपुढे येते : थंडीच्या दिवसांत घर तापवणारी यंत्रणा बंद, नळाला गरम पाणी नाही, शेगडी चालत नाही, तक्रार नोंदवण्यासाठी फोन लावावा तर कॉल सेंटरवर ताटकळत राहावे लागते, आणि कारागीर ठरलेल्या दिवशी येईल की नाही याचा नेम नसल्याने घरातल्या बाईला कामावर रजा टाकून दाराशी थांबावे लागते. तिचा नवरा त्या वेळी बहुधा दुसऱ्या देशात किंवा जहाजावर असतो. भूदल, नौदल आणि हवाई दल यांच्या कुटुंबांच्या तीन संघटना या तक्रारी संसदीय समित्यांपर्यंत पोहोचवत आल्या आहेत आणि त्यांच्या निवेदनांतील तपशिलाला सरकारी सरासरीपेक्षा अधिक वजन आहे, कारण तक्रार निकाली निघाल्याची नोंद आणि घरात खरोखर आलेली ऊब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याच सांगू शकतात. पुढे जानेवारी २०१८ मध्ये कॅरिलियन दिवाळखोरीत गेली.

अविवाहितांच्या निवासांची कथा विक्रीशी जोडलेली नाही, कारण ती घरे विकलीच गेली नव्हती. तरीही ती सुधारली नव्हती. फेब्रुवारी २०२१ च्या लेखापरीक्षा अहवालानुसार निम्म्याहून अधिक सैनिक, म्हणजे जवळपास ८० हजार, अशा एकेरी निवासांत राहत होते, आणि त्यांतील ३६ टक्के हलक्या प्रतीच्या खोल्यांत होते. २,४०७ जणांच्या खोल्या तर इतक्या वाईट होत्या, की त्यांच्याकडून भाडेच घेतले जात नव्हते. भाडे माफ करणे ही दुरुस्ती न करण्याची कबुली होती, आणि अशी कबुली हिशेबात केवळ उत्पन्नातील किरकोळ घट म्हणून दिसते. खासगीकरणाला सर्व दोष देणाऱ्यांनी आणि सरकारी मालकीला सर्व दोष देणाऱ्यांनीही हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आता दुसरा रकाना, म्हणजे भरतीचा. २०१२ मध्ये ब्रिटिश भूदलाने भरतीचे काम कॅपिटा या कंपनीला १० वर्षांच्या, ४९ कोटी ५० लाख पाउंडांच्या कंत्राटाने दिले. भरती केंद्रांत बसणारे अनुभवी सैनिक मोकळे करावेत, अर्ज संगणकावर घ्यावेत आणि २६ कोटी ७० लाख पाउंड वाचवावेत, असा उद्देश होता. गावोगावची भरती कार्यालये १३१ वरून ६८ वर आली. डिसेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षा कार्यालयाने या कंत्राटाचा लेखाजोखा मांडला, तेव्हा दिसले की २०१३ नंतर एकाही वर्षी भरतीचे उद्दिष्ट पूर्ण झाले नव्हते आणि तूट वर्षाला २१ ते ४५ टक्के इतकी होती. ऑनलाइन प्रणाली ठरल्यापेक्षा ५२ महिने उशिरा सुरू झाली आणि तिच्यावर ११ कोटी ३० लाख पाउंड, म्हणजे मूळ अंदाजाच्या तिप्पट, खर्च झाले. शिपाई होऊ इच्छिणाऱ्या तरुणाला अर्जापासून प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवसापर्यंत ३२१ दिवसांपर्यंत लागल्याची नोंद त्या अहवालात आहे, आणि २०१७-१८ मध्ये ४७ टक्के अर्जदारांनी मधल्या वाटेतच स्वतःहून माघार घेतली. अठरा-एकोणीस वर्षांचा, हाताला काम हवे असलेला मुलगा वर्षभर थांबत नाही. त्याला दुसरीकडे नोकरी मिळते. आपल्याच गावातल्या भरती कार्यालयात बसलेला, त्याला नावाने ओळखणारा सार्जंट त्याला जे सांगून थांबवून ठेवू शकला असता, ते संकेतस्थळावरील अर्जाला साधले नाही. मार्च २०१९ मध्ये लोकलेखा समितीने या कंत्राटावर कठोर अहवाल दिला.

घरांचा व्यवहार आणि भरतीचे कंत्राट यांच्यातील साम्य केवळ खासगी कंपनीच्या सहभागाचे नाही. दोन्हींत खात्याने आपल्या मूळ कामातला असा भाग बाहेर दिला, ज्याचे ज्ञान नंतर खात्याकडे उरले नाही. दोन्हींत वाचवायची रक्कम पहिल्या पानावर छापली गेली आणि धोक्याची रक्कम कोणत्याच पानावर नव्हती. आणि दोन्हींत संसदेला कागद पाहायला मिळाले ते सह्या झाल्यानंतर. लोकलेखा समितीने हे दोन विषय वेगवेगळ्या अहवालांत हाताळले, हे तिच्या कार्यपद्धतीला धरूनच होते. पण नवा माणूस आणण्यास एवढा काळ आणि एवढा पैसा लागत असेल, तर असलेला माणूस टिकवण्याची किंमत त्याच मापाने मोजली गेली पाहिजे, आणि थंडीत बंद पडलेल्या बॉयलरचा हिशेब भरतीच्या हिशेबाशेजारी मांडला गेला पाहिजे. हे जोडून पाहण्याचे काम प्रामुख्याने संरक्षणविषयक समितीने केले. १९७९ पासून ब्रिटनमध्ये प्रत्येक खात्यासाठी अशी एक निवड समिती असते, तिला धोरणाविषयीही प्रश्न विचारता येतात आणि २०१० पासून या समित्यांचे बहुतेक अध्यक्ष सभागृहाच्या गुप्त मतदानाने निवडले जातात. डिसेंबर २०२४ मध्ये तनमनजीत सिंग ढेसी यांच्या अध्यक्षतेखाली या समितीने सैनिकांच्या निवासांवर अहवाल दिला. कुटुंबांच्या घरांपैकी सुमारे दोनतृतीयांश घरांना मोठी दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी लागेल, असे त्यात म्हटले होते, आणि भिंतींना ओल व बुरशी असल्याचे माहीत असूनही ती घरे कुटुंबांना देणे वर्षभरापूर्वीपर्यंत खात्याच्या धोरणात बसत होते, याबद्दल समितीने स्पष्ट शब्दांत नापसंती व्यक्त केली होती. वर्षानुवर्षे सैन्यात येणाऱ्यांपेक्षा सोडून जाणारे अधिक होत असताना ही घरे सैन्यात राहावे की जावे या निर्णयात वजन टाकतात, ही गोष्ट समितीने आपल्या विवेचनात आणली.

घर कोणाला, केवढे, हा प्रश्नही साधा नाही. हुद्द्यानुसार घर ही जुनी रीत. तिच्याऐवजी मुलांच्या संख्येनुसार आणि गरजेनुसार घर देण्याची योजना मंत्रालयाने २०२३ मध्ये जाहीर केली आणि मार्च २०२४ पासून ती लागू व्हायची होती. तरुण शिपायाच्या तीन मुलांच्या कुटुंबाला तिच्यात न्याय होता. पण अधिकाऱ्यांच्या कुटुंबांना वाटले, की नोकरीत येताना मिळालेला शब्द मोडला जात आहे, आणि त्यांतील अनेकांनी सेवा सोडण्याची भाषा केली. विरोध एवढा वाढला की योजनेचा तो भाग सुरू होण्याआधीच थांबवावा लागला. आकृतिबंध आणि निवासधोरण हे एकमेकांत किती गुंतलेले असतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

विकलेल्या घरांचे पुढे काय झाले, तेही नोंदवले पाहिजे. २५ वर्षांनी भाड्याचा फेरआढावा व्हायचा होता. त्याची तयारी करण्याबद्दल लोकलेखा समितीने २०१८ मध्येच खात्याला बजावले होते. डिसेंबर २०२१ मध्ये सवलत ५८ वरून ४९.६ टक्क्यांवर आली. त्यानंतर मंत्रालयाने भाडेकरूला मालकी विकत घेण्याचा हक्क देणाऱ्या कायद्याचा आधार घेऊन काही मोजक्या घरांवर चाचणी दावा केला, कंपनीने त्याला न्यायालयात आव्हान दिले आणि मे २०२३ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल सरकारच्या बाजूने लागला. या निकालाने वाटाघाटीचे पारडे फिरले. डिसेंबर २०२४ मध्ये करार होऊन जानेवारी २०२५ मध्ये ३६,३४७ घरे ५९९ कोटी ४० लाख पाउंडांना परत सरकारकडे आली. १६६ कोटींना दिलेली घरे सहाशे कोटींना परत घेतली, एवढीच तुलना करणे अपुरे आहे, कारण मधल्या २८ वर्षांतील चलनवाढ, परत केलेली घरे आणि वाचणारे भाडे हे सर्व त्यात धरावे लागते; पण महालेखापरीक्षकांनी तोवरच्या काळापुरते हे घटक धरूनच २०१८ मध्ये नुकसानीचा निष्कर्ष काढला होता. कोणत्याही एका समितीने हा व्यवहार उलटवला, असे म्हणता येणार नाही. घरांची पुनःखरेदी राजकीयदृष्ट्या शक्य झाली ती मात्र नुकसानीचा अधिकृत, पक्षातीत आणि वारंवार उद्धृत झालेला आकडा सभागृहाच्या दप्तरात होता म्हणूनच.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध गोपाळ कृष्ण गोखले यांच्यापासून आहे. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी १८९५ मध्ये नेमलेल्या वेल्बी आयोगापुढे डेक्कन सभेतर्फे त्यांनी १८९७ मध्ये लंडनला जाऊन साक्ष दिली. लष्करी खर्चाचे ओझे आणि वरच्या जागांवर भारी पगाराचे युरोपीय अधिकारी नेमण्याची रीत, म्हणजे आजच्या भाषेत आकृतिबंध, हे त्या साक्षीचे दोन मुख्य भाग होते. आणि पैशाच्या हानीबरोबरच देशी माणसांना जबाबदारीचा अनुभव मिळत नाही ही हानी त्यांनी तितक्याच कळकळीने मांडली. हिंदुस्थानचे अंदाजपत्रक त्या काळी कॉमन्समध्ये अधिवेशनाच्या अखेरीस, जवळजवळ रिकाम्या बाकांपुढे चर्चेला येई. याचे एक कारण बारीक पण निर्णायक होते : भारतमंत्र्याचा पगार १९१९ च्या कायद्यापर्यंत ब्रिटिश अंदाजपत्रकातून न देता हिंदुस्थानच्या महसुलातून दिला जात असल्याने, त्या खात्याला जाब विचारण्याची वार्षिक संधीच कॉमन्सला मिळत नसे. कलकत्त्याच्या कायदेमंडळात गोखल्यांनी १९०२ पासून अंदाजपत्रकावर जी भाषणे केली, ती मतदानाचा अधिकार नसलेल्या सभासदाची होती. अधिकार नसतानाही आकड्यांच्या अभ्यासावर सरकारला उत्तर द्यायला लावता येते, हे त्यांनी दाखवले.

१९२१ मध्ये भारतात लोकलेखा समिती आली; १९५० नंतर ती खऱ्या अर्थाने संसदेची झाली आणि १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत रुजला. लोकसभेची अंदाज समिती १९५० पासून आहे, तर मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने पाळली गेली का हे पाहणारी शासकीय आश्वासन समिती १९५३ पासून. १९९३ मध्ये खातेनिहाय स्थायी समित्या सुरू झाल्या. २००४ पासून त्या २४ आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे २१ व राज्यसभेचे १० सभासद असतात, आणि खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खर्चाच्या मंजुरीसाठी सभागृहापुढे येणारे प्रस्ताव, त्या मतदानापूर्वी तपासतात. ही मोठी संधी आहे आणि तिचा पुरेसा उपयोग होत नाही. विवाहित सैनिकांसाठी सुमारे दोन लाख घरे चार वर्षांत बांधण्याची योजना २००२ मध्ये हाती घेतली गेली आणि दोन दशकांनंतरही ती अपुरी होती. संरक्षणविषयक स्थायी समितीने तिच्या दिरंगाईची आणि अधिकाऱ्यांच्या रिक्त पदांची नोंद अनेक अहवालांत केली, पण बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांत. पोलिसांच्या बाबतीत अडचण आणखी आहे, कारण पोलीस हा राज्यसूचीतील विषय आहे. गृहविषयक स्थायी समितीने फेब्रुवारी २०२२ च्या अहवालात देशातील राज्य पोलीस दलांत मंजूर २६,२३,२२५ पदांपैकी ५,३१,७३७ पदे रिकामी असल्याचे नोंदवले. ती भरणे आणि घरे बांधणे मात्र राज्यांच्या हाती असल्याने पुढचा जाब विधानमंडळांनीच विचारायचा असतो. महाराष्ट्रात पोलीस गृहनिर्माण महामंडळ १९७४ पासून आहे, आणि तरीही मुंबईच्या बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांत पोलिसांची कुटुंबे दोन-दोन पिढ्या राहिली. निवृत्तीनंतर जायला दुसरे घर नाही म्हणून खोली सुटत नाही, आणि खोली सुटत नाही म्हणून नव्या शिपायाला घर मिळत नाही. या चाळींच्या पुनर्विकासात या कुटुंबांना द्यायच्या घराची किंमत आधी ५० लाख, मग २५ लाख आणि अखेर १५ लाख रुपये ठरली. एवढा मोठा फरक कोणत्या हिशेबाने झाला, हे विचारण्याची जागा विधानसभेची समिती हीच आहे, आणि ते विचारणे कोणाच्या सवलतीला विरोध करणे ठरत नाही.

यावर करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. प्रत्येक गणवेशधारी खात्याच्या अनुदानाच्या मागणीसोबत एकच विवरणपत्र मागवले जावे, ज्यात हुद्दावार मंजूर व रिक्त पदे, वर्षभरात मुदतीआधी सेवा सोडून गेलेले कर्मचारी, एक माणूस भरती करून तयार करण्याचा खर्च, देय असलेली, दिलेली व रिकामी निवासस्थाने, त्यांची प्रत, आणि पाच वर्षांहून दीर्घ मुदतीच्या प्रत्येक करारातील दरवाढीची गृहीतके एकाखाली एक मांडलेली असतील. यासाठी नवा कायदा लागत नाही. लोकसभेच्या कार्यपद्धतीच्या नियमांनुसार समितीला व्यक्ती, कागदपत्रे व अभिलेख मागवण्याचा अधिकार आहे; राज्याच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधक ठरेल तेवढाच कागद सरकारला नाकारता येतो, आणि किती क्वार्टर गळतात व किती शिपाई राजीनामा देतात ही माहिती त्या अपवादात बसत नाही.